उगमापर्यंत

लूटनच्या लीग्रेव्ह भागात, गॅरेजांच्या रांगेमागे,
जिथे ली नदी जमिनीतून वर येते,
तिथे सुपरमार्केटची एक ट्रॉली आडवी पडली आहे,
तीन चाकं पाण्यात, चौथं हवेत.
एवढीच नदी. एक लुगडं वाळत घातलं
तर दोन्ही काठ झाकून जातील.

अकराशे वर्षांपूर्वी दोन राजांनी, लढून दमल्यावर,
हिच्यावरून देश कापला:
थेम्सने वर, मग लीने वर, लीच्या काठाकाठाने
उगमापर्यंत, तिथून सरळ रेघेत बेडफर्ड.
पलीकडे डेन, अलीकडे इंग्रज.
मेलेल्या माणसाचा भाव दोन्हीकडे एकच, तावलेल्या सोन्यात.
घोडा-बैल घ्यायचा तर आधी जामीन.
आणि परवानगीवाचून कुणी पलीकडे जायचं नाही,
ना गुलामाने, ना मोकळ्याने.
‘मोकळा’ या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो होतो.

मी वारणाकाठचा. मला हे नवं नाही.
आमच्याकडेही दोन चुलतभावांनी राज्य वाटून घेतलं,
उत्तर एकाची, दक्षिण दुसऱ्याची,
नदीला कुणी विचारलं नाही.
तहाचं साल मी शाळेत घोकून पाठ केलं
आणि त्याच संध्याकाळी आमच्या म्हशी
पोहत कोल्हापूरच्या हद्दीत चरायला गेल्या.

म्हणून गेल्या नोव्हेंबरात मलाच बोलावलं.
कुमुदिनी हळदणकर आणि इरावती हळदणकर,
जावा जावा, उभा दावा,
सात वर्षं एका ओट्यावर डबे भरले
आणि आता एकमेकींच्या गिऱ्हाइकांच्या दारात उभ्या.
माझं अक्षर बरं, आणि मी कुणाचाच नातेवाईक नाही.
विजेच्या बिलाच्या पाकिटामागे लिहून घेतलं:

लिम्बरी, स्टॉप्सली, राउंड ग्रीन: कुमुदिनीवहिनी.
बरी पार्क, डॅलो, फार्ली हिल: इरावतीवहिनी.
मधे ली.
कलम चौथं: अळूवडी दोघींनीही करायची नाही,
कारण कृती सासूबाईंची,
आणि ती कुणाची, हे न सांगताच त्या गेल्या.

घोळ गावाच्या मध्यावर झाला.
तिथे नदी मॉलखाली गडप होते.
वकिलाच्या ऑफिसातले बारा डबे मग कुणाचे?
एक म्हणते, नदी बुटांच्या दुकानाखालून जाते,
दुसरी म्हणते, सरकत्या जिन्याखालून.
दोघींनी फरशीला कान लावायचाच काय तो बाकी ठेवला.
मी पाणीखात्याला पत्र टाकलं.
नकाशा मिळेल म्हणाले, सहा आठवड्यांनी, फी भरून.

उगमाशेजारच्या घरात मिस्टर टीग राहतात, विधुर,
एका कानाने बहिरे.
सोमवारी त्यांना पलीकडून वरणभात येतो, गुरुवारी अलीकडून.
दोघींना वाटतं, म्हातारा आपला एकटीचा.
मी त्यांना पाकीट दाखवून सगळं समजावलं.
ते म्हणाले, लोणचं जरा कमी तिखट सांगाल का?

आणखी एक गोष्ट आम्ही लिहिलीच नाही.
पूर्वी तह टिकावा म्हणून ओलीस ठेवत,
शब्दाला पोटचं पोर तारण.
इरावतीवहिनीची मृण्मयी, नऊ वर्षांची,
तिची शाळा नदीपलीकडे.
बुधवारी सुटल्यावर ती काकूकडे जाते, सहापर्यंत.
हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी बोलत नाही.

बुधवारी दप्तरातून जो डबा परत येतो
त्याचं झाकण इकडचं, डबा तिकडचा.
दोन्हींवर सासूबाईंचंच नाव कोरलेलं,
तरी बसत नाही नीट.

परवा रात्री दहाला फोन आला.
“भाऊजी, ते कलम चौथं वाचून दाखवा जरा.”
मी पाकीट शोधलं, चष्मा शोधला, वाचलं.
“करायची नाही, एवढंच ना?” इरावतीवहिनी म्हणाली.
“खायचं काही लिहिलेलं नाही?”
नाही म्हटलं.
मग बराच वेळ पलीकडून
नुसता चावण्याचा आवाज येत राहिला.